हॉलचे मरून पडदे

“काका, आधी एकच सांगा. उजेड पाहिजे का नको?”

दुकानदाराने हे विचारलं तेव्हा मी आणि सुलभा त्याच्या समोरच्या सोफ्यावर अंग चोरून बसलो होतो. सांगलीला विश्रामबागेत त्याचं नवंकोरं दुकान होतं. भिंतीवर त्याने ओळीने खोट्या खिडक्या केल्या होत्या. चौकट, काच, कडी, सगळं व्यवस्थित. फक्त मागे भिंत. प्रत्येक खिडकीला वेगळ्या तऱ्हेचे ब्लाइंड्स होते आणि तो एकेकाची साखळी ओढून दाखवत होता.

प्रश्न साधा होता. पण साध्या प्रश्नांनीच माझी नेहमी पंचाईत होते. मी सुलभाकडे हात केला.

“यांना विचारा. यांच्यासाठीच बघतोय.”

“माझ्यासाठी?” सुलभा म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग दुकानदाराकडे, आणि मांडीवरच्या पिशवीचे बंद सारखे करत म्हणाली, “सर सांगतील तसं.”

“झालं!” दुकानदार हसला. सन्मती चौगुले त्याचं नाव. “काका म्हणतात काकूंना विचारा, काकू म्हणतात काकांना विचारा. आमच्याकडं रोजचंच हाय हे. शेवटी मीच ठरवतो आणि मग दोघं मिळून मला शिव्या घालतात.”

सुलभा मोकळेपणाने हसली. तिला कुणाच्याही विनोदाला हसता येत असे. मी मात्र समोरच्या नमुन्यांत डोकं घातलं.

“आत्ता काय हाय खिडकीला?” त्याने विचारलं.

“पडदे आहेत,” मी म्हणालो. “जाड. अस्तर लावलेले.”

“रंग?”

“मरून. त्यावर सोनेरी कोयऱ्या.”

“अगागा! म्हणजे नाटकाचंच थेटर की.” तो पुढे सरकला. “बघा काका, पडद्याचं कसं असतं? तो एक तर असतो, नाहीतर नसतो. मधलं काही न्हाई. हे बघा आता.” त्याने लाकडी पट्ट्यांच्या ब्लाइंडची काठी फिरवली. पट्ट्या आडव्या झाल्या, तिरप्या झाल्या, मिटल्या. “अर्धा उजेड घ्या, पाव उजेड घ्या. तुम्हाला बाहेरचं सगळं दिसणार, आणि बाहेरच्याला तुम्ही दिसणार न्हाई.”

हे शेवटचं मला फार आवडलं. आपण कुणाला न दिसता सगळं दिसावं, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे. नोकरीही मी तशीच शोधली होती. कॉलेजच्या ग्रंथालयात काउंटरमागे माझी सगळी वर्षं गेली. तिथे मला एक खोड लागली. एखादं पुस्तक कुणाला द्यायचं नसलं, किंवा हरवलं असलं, किंवा प्राचार्यांच्या घरी पडून असलं, तर ‘नाही’ म्हणण्याचा मला धीर होत नसे. मी म्हणायचो, “बाइंडिंगला गेलंय.” ऐकणारा समाधानाने परत जायचा. पुढे मुलं मला मागून ‘बाइंडिंग सर’ म्हणू लागली. मला ते माहीत होतं. माहीत नसल्यासारखं मी दाखवत असे.

“लाकडी छान आहेत,” मी सुलभाला म्हणालो. “नाही का?”

“छान आहेत,” ती म्हणाली. थोडं थांबून तिने हळूच विचारलं, “पण सर, वृंदाला सांगितलंय ना?”

“सांगितलंय,” मी म्हणालो.

सांगितलं नव्हतं.

आमच्या लग्नाला तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. माझी पहिली बायको इंदू जाऊन अडीच-तीन वर्षं झाली होती. निवृत्त झाल्यावर मी नगर वाचनालयात रोज दोन तास बसत असे. तिथे सुलभा पुस्तकं बदलायला यायची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून तिने नोकरी केली होती. आईवडिलांचं करता करता लग्नाचं राहून गेलं होतं. ना भाऊ, ना बहीण. आमचं कसं जमलं हे मला आजही नीट सांगता येणार नाही. मी तिला ‘सुलभाताई’ म्हणायचो. लग्नानंतर ‘ताई’ म्हणता येईना आणि नुसतं ‘सुलभा’ तोंडातून निघेना, म्हणून बरेच महिने मी तिला काहीच म्हणत नसे. खाकरत असे. ती मला ‘सर’ म्हणायची ते शेवटपर्यंत म्हणत राहिली.

या लग्नाला खरा पाठिंबा दिला तो माझ्या मुलीने, वृंदाने. ती कोल्हापूरला असते, नवऱ्याबरोबर, परागबरोबर. “बाबा, तुम्ही एकटे राहिलात तर पुस्तकं खाऊन जगाल,” असं म्हणून तिनेच रजिस्टर ऑफिसची तारीख ठरवली, साक्षीदार म्हणून सही केली आणि बाहेर आल्यावर सुलभाच्या हातात गजरा देत म्हणाली, “मावशी म्हटलं तर चालेल ना?”

सुलभाने गजरा तिथेच केसांत माळला. घरी आल्यावर ती मला म्हणाली, “सर, मला भावंडं नाहीत ना. त्यामुळे मी कुणाची मावशी नव्हते, कुणाची आत्या नव्हते. एक्स्चेंजमध्ये सगळ्या मला ‘मॅडम’ म्हणायच्या.” त्या दिवसापासून वृंदाचा फोन आला की ती हात पुसून उभी राहायची. मी बोलत असेन तर माझं संपायची वाट बघायची. “मावशीला द्या म्हणाली का?” असं खुणेनेच विचारायची.

आता पडद्यांचं. ते इंदूने शिवले होते. आमच्या हॉलच्या दोन्ही खिडक्या पश्चिमेला आहेत. इचलकरंजीच्या एका प्रदर्शनातून इंदूने ते कापड आणलं आणि एका उन्हाळ्याच्या सुटीत, वृंदाला मदतीला घेऊन, मशीनवर सगळे पडदे शिवले. आत काळं अस्तर. वृंदा तेव्हा कॉलेजात होती. झालर तिने लावली होती, तीही एका बाजूने वाकडी. इंदूला त्या पडद्यांचा फार अभिमान होता. आल्यागेल्याला हात लावून बघायला लावायची. “बघा, ऊन आत येईल का?” म्हणायची. ऊन येत नसे. उजेडही येत नसे. आमचा हॉल बारा महिने संध्याकाळ झाल्यासारखा असायचा आणि मी खुर्चीशेजारी टेबललॅम्प लावून वाचत बसायचो.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी सुलभाने सगळं घर धुऊन काढलं, तेव्हा पडदेही उतरवले. गच्चीवर वाळत घालताना ती एवढंच म्हणाली होती, “हे वाळायला फार वेळ लागतो हो सर. जड आहेत ना.”

बस. एवढंच. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणालो, “तुम्हाला त्रास होतो त्या पडद्यांचा. आपण ब्लाइंड्स लावू.” ती म्हणाली, “अहो, त्रास कसला? वर्षातून एकदा तर धुवायचे.” मी म्हणालो, “नाही, नाही. एकदा बघून तर येऊ.” आणि तिला घेऊन दुकानात आलो.

माप घ्यायला सन्मती स्वतः आला. लाकडी पट्ट्यांचे ब्लाइंड्स ठरले. तयार व्हायला आठवडा लागेल म्हणाला. तोवर खिडक्या उघड्या राहिल्या, आणि शेजारच्या वैद्यकाकूंनी ते वृंदाला फोनवर सांगितलं. वैद्यकाकू वाईट नाहीत. त्यांना बातमी द्यायला आवडते, एवढंच.

“बाबा, पडदे कुठायत?” वृंदाने मला विचारलं.

“धुवायला काढलेत.”

“घरी धुतले की बाहेर दिले?”

“दिलेत. म्हणजे, द्यायचेत.”

“देऊ नका. सांगलीतल्या त्या लाँड्रीवाल्याने माझ्या शालूची वाट लावली होती. मी रविवारी येऊन घेऊन जाते, इकडे ड्रायक्लीन करून आणते. मावशींना म्हणावं, तुम्ही उगाच ओझी उचलू नका.” मग आवाज बदलून म्हणाली, “झालर उसवली असेल ना? मी नीट करीन या वेळी. आई जाईपर्यंत चिडवायची मला त्या झालरीवरून.”

मी ‘बरं’ म्हणालो. त्या वेळी सांगायला हवं होतं, हे मला त्याच क्षणी कळत होतं. पण ती रविवारी येणार होती आणि तोवर मधे बरेच दिवस होते. मला नेहमी मधले दिवस दिसतात.

ती गुरुवारी आली.

सन्मती सकाळीच ड्रिल घेऊन हजर झाला होता. पडद्याच्या जुन्या पितळी दांड्या काढून त्याने भिंतीशी उभ्या केल्या होत्या. एका खिडकीचा ब्लाइंड लावून झाला होता. दुसरीला भोकं पाडायला तो स्टुलावर चढला होता. हॉलभर पांढरी भुकटी उडत होती आणि सुलभा ओल्या फडक्याने माझी पुस्तकांची कपाटं झाकत फिरत होती.

दार उघडंच होतं. “परागला मिरजेला काम निघालं, म्हटलं मीही येते,” असं म्हणतच वृंदा आत आली. तिच्या हातात एक मोठी रिकामी पिशवी होती. पडदे न्यायला आणलेली.

ती खिडकीकडे बघत राहिली.

“ये गं,” सुलभा म्हणाली. “अगोदर कळवलं असतंस तर काहीतरी केलं असतं. बस, पाणी आणते.”

“थांबा मावशी,” वृंदा म्हणाली. “बाबा, हे काय?”

“ते जरा,” मी म्हणालो, “ब्लाइंड्स.”

“ते दिसतंय. तुम्ही तर धुवायला काढले म्हणाला होतात.”

“धुतले की. ते काय, दिवाणावर आहेत घडी करून.”

“आणि परत लावणार कुठे?”

सुलभा माझ्याकडे बघत होती. तिच्या लक्षात आलं होतं की मी वृंदाला काहीच सांगितलेलं नाही. तिचा चेहरा मला दिसत होता, पण मी तिच्या हातातल्या फडक्याकडे बघत होतो.

“काका,” सन्मती स्टुलावरून म्हणाला, “दुसऱ्या खिडकीला मारू का भोक?”

“एक मिनिट थांबा हो,” वृंदा त्याच्यावर ओरडली. मग माझ्याकडे वळली. “कुणी ठरवलं हे?”

“अगं, घरातच बोलणं झालं.”

“घरात म्हणजे?”

“म्हणजे, धूळ फार बसते त्यांच्यावर. जड होतात. सुलभामावशींना जरा…”

मी वाक्य अर्धं सोडलं. मला ते पुरं करायचंच नव्हतं. आयुष्यात मी कितीतरी वाक्यं अशी अर्धी सोडली असतील; समोरचा आपल्याला हवी तशी ती पुरी करून घेतो. पण त्या दिवशी वृंदाने ते पुरं केलं नाही. सुलभाने केलं.

“हो,” ती म्हणाली. “मीच म्हटलं सरांना. मलाच नको होते.”

आवाज अगदी शांत होता. एक्स्चेंजमध्ये पलीकडच्या माणसाला ‘थांबा, जोडून देते’ म्हणावं, तसा.

वृंदाने तिच्याकडे पाहिलं. “तुम्हाला नको होते?”

“धुळीचा त्रास होतो मला. शिंका येतात.”

सुलभाला कधी शिंक आलेली मी पाहिली नव्हती. त्या क्षणीही हॉलभर भुकटी उडत होती आणि सुलभा तिच्या मधोमध उभी होती.

“मग मला म्हणायचं ना,” वृंदा म्हणाली. “मी येऊन धुतले असते. दर महिन्याला येऊन धुतले असते. मी काही म्हटलं का कधी तुम्हाला? आईची भांडी तुम्ही वापरता, कपाट वापरता, तिच्या शिलाई मशीनवर उशांचे अभ्रे शिवता. मला बरंच वाटलं. वस्तू वापरात राहिल्या म्हणून बरं वाटलं. एवढी एक गोष्ट मी तिच्याबरोबर बसून केली होती.”

“चुकलं माझं,” सुलभा म्हणाली.

“चुकलं नाही. तुमचं घर आहे आता. तुम्हाला हवं ते करा.”

“वृंदा,” मी म्हणालो.

दोघीही माझ्याकडे वळल्या. मला वाटतं, दोघीही वाट बघत होत्या. मी आता हे लिहितो तेव्हा तो क्षण फार मोठा होता असं आठवतं, पण प्रत्यक्षात फार लहान असेल. बोलायचं होतं ते सोपं होतं. जे वाक्य लिहायला मला आज काही सेकंदही लागत नाहीत, तेच.

“वृंदा, तू बस तरी,” मी म्हणालो. “चहा घे.”

ती दिवाणाकडे गेली. पडद्यांच्या घड्या एकेक करून पिशवीत भरल्या. त्या मावेनात तेव्हा सुलभा आतून एक चादर घेऊन आली, खाली अंथरली, आणि उरलेले पडदे त्यात ठेवून गाठ मारायला लागली. वृंदाने तिच्या हातातून टोकं घेतली आणि स्वतः गाठ मारली.

“जेवून जा,” सुलभा म्हणाली. “आमटी-भात तयार आहे. परागरावांनाही बोलाव.”

“नको. उशीर होतो.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “येते बाबा. औषधं वेळेवर घ्या.”

‘मावशी’ हा शब्द मी वृंदाच्या तोंडून त्या दिवशी शेवटचा ऐकला. पुढे कधी सुलभाचा उल्लेख करावा लागला तर ती ‘त्या’ म्हणायची. कधी ‘घरात’ म्हणायची.

जिन्यावर तिची पावलं वाजेनाशी झाली तेव्हा सन्मती हळूच म्हणाला, “काकू, राहू दे का आज?”

“नाही, लावा,” सुलभा म्हणाली. “आता एकाच खिडकीला कसं ठेवायचं?”

तो गेला तेव्हा दुपार कलायला लागली होती. सुलभाने हॉल झाडून पुसून घेतला. मी माझ्या खुर्चीत बसलो. हातात पुस्तक होतं. दोन्ही खिडक्यांतून पट्ट्यापट्ट्यांनी ऊन आत आलं होतं, जमिनीवर, चटईवर, माझ्या पायांवर. मला पानावरचं बारीक अक्षरसुद्धा स्वच्छ दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर मी वाचलं. आधी नुसता डोळे फिरवत होतो, पण मग वाचायला लागलो. दोन पानं, चार पानं. अक्षरांवर खरा उजेड पडला की पुस्तक कसं दिसतं ते मी विसरून गेलो होतो. मला आनंद झाला. माझी मुलगी दोन तासांपूर्वी रडवेली होऊन घरातून गेली होती, आणि मला आनंद झाला.

सुलभा चहा घेऊन आली. कप माझ्या हाताशी ठेवून तिने टेबललॅम्पची वायर काढली, गुंडाळली आणि दिवा कपाटाच्या खालच्या फळीत ठेवून दिला.

“आता लागायचा नाही हा,” ती म्हणाली.

मी पुस्तक मिटलं.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हणालो.

“काय?”

“पडदे कुणाला नको होते ते.”

ती समोरच्या खुर्चीत बसली. “भर दुपारी दिवा लावून वाचणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. पहिल्या दिवशीच विचारणार होते, सर, पडदा सरकवू का म्हणून. तुम्ही एकदा सरकवलातही. आणि खाली कुणाची तरी गाडी थांबल्याचा आवाज आला तसा लगेच परत ओढलात. वृंदा आली असं वाटलं तुम्हाला.”

“इंदू होती तेव्हाही मला ते आवडायचे नाहीत,” मी म्हणालो. हे मी प्रथमच कुणाजवळ तरी बोलत होतो. “आणले त्या दिवसापासून. तिने विचारलं, कसे आहेत? मी म्हटलं, फार सुंदर. मग अकरा वर्षं काही बोलताच आलं नाही.”

“त्यांना कळलं नसेल असं वाटतं तुम्हाला?”

“माहीत नाही.”

तिने चहाचा घोट घेतला.

“पण तुम्ही का म्हणालात तसं?” मी विचारलं. “वृंदासमोर. गप्प राहिला असतात तरी चाललं असतं.”

“गप्प राहिले असते तर तुम्हाला बोलावं लागलं असतं.” ती थोडं हसली. मग कप खाली ठेवून अगदी साध्या आवाजात म्हणाली, “सर, ती तुमची मुलगी आहे. तुमच्यावर रागावली तर तुम्हाला दुसरं कोण आहे? माझ्यावर रागावली तर काय बिघडलं? मी तिची कोण लागते?”

ती स्वयंपाकघरात गेली आणि मेथी निवडायला बसली. तिला हे बोलताना मुळीच वाईट वाटल्यासारखं दिसलं नाही. तिने हिशेब करून आपलं नुकसान कमी ठरवलं होतं आणि ते घेतलं होतं. मला तेच सहन होईना. मला भांडण चाललं असतं. ती मिरजेला आपल्या लग्नाआधीच्या खोलीवर निघून गेली असती तरी मी स्वतःला काहीतरी समजावलं असतं.

मी उठलो आणि फोनपाशी गेलो.

“कुणाला करताय?” तिने आतून विचारलं.

“वृंदाला. तिला खरं सांगतो.”

“राहू द्या सर. दोन दिवसांनी निवळेल ते.”

“नाही,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. मी ‘नाही’ असं सरळ म्हणालो होतो.

वृंदाला घरी पोचून थोडाच वेळ झाला होता. मागे कुकरच्या शिट्टीचा आवाज येत होता.

“वृंदा, ऐक. मला एक सांगायचंय. मधे बोलू नको.” मी एका दमात सांगितलं. “ते पडदे मला नको होते. सुलभाने कधी एका शब्दाने म्हटलं नाही. धुळीचं, शिंकांचं सगळं खोटं आहे. मला वाचायला उजेड हवा होता. तुझी आई होती तेव्हापासून हवा होता. मी सुलभाचं नाव पुढे केलं. दुकानातही, तुझ्यापुढेही.”

पलीकडे कुकर बंद केल्याचा आवाज आला.

“बाबा,” ती म्हणाली. दुपारचा राग आवाजात राहिला नव्हता. फार माया होती. “तुम्ही किती चांगले आहात हो.”

“अगं, चांगला नाही. मी खरं…”

“मला सहलीला आई नाही म्हणायची, आणि तुम्ही येऊन सांगायचात, ‘मीच नाही म्हटलं’. आठवतं? माझा राग आईवर जाऊ नये म्हणून. मला सगळं कळायचं. आता त्यांच्यासाठी करताय.”

“तसं नाही, वृंदा. या वेळी खरंच तसं नाही.”

“त्यांनी स्वतः सांगितलं माझ्यासमोर, मलाच नको होते म्हणून. तुम्ही तिथेच होतात. तेव्हा काही बोलला नाहीत.” मग तिने विचारलं, “त्यांनी करायला लावला का हा फोन?”

“नाही! ती तर नको म्हणत होती.”

“हं,” वृंदा म्हणाली. मग म्हणाली, “बरं, मला एक सांगा. आईला कधी म्हणालात तुम्ही, हे पडदे आवडत नाहीत म्हणून?”

“नाही.”

“मग? अकरा वर्षं एखादी गोष्ट नकोशी असली तर माणूस एकदाही बोलल्याशिवाय राहील का?”

याचं उत्तर ‘राहतो’ असं होतं. पण माझ्याकडे पुरावा नव्हता. इंदू नव्हती. आणि इंदूला तरी काय माहीत होतं?

“झोपा जरा,” वृंदा म्हणाली. “दमला असाल. आणि असं सगळं स्वतःवर नका घेत जाऊ. ठेवते.”

मी फोन ठेवला. स्वयंपाकघरातून मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

“काय म्हणाली?” सुलभाने विचारलं.

मी दारात गेलो. ती पाटावर बसली होती. मांडीवर ताट, हात तसेच, चेहरा वर केलेला.

“सर? काय म्हणाली वृंदा?”

“म्हणाली, बरं झालं सांगितलंत.”

“खरंच?”

“हो.”

“माझ्यावरचा राग?”

“गेला म्हणाली. मला फार बोलली, पण तुमच्यावर काही नाही.”

ती इतकी हसली की तिला ताट खाली ठेवावं लागलं. “तरी मी म्हणत होते, मुलगी मनाने स्वच्छ आहे. मग दिवाळीला येतील ना सगळी? इथेच?”

“येतील की,” मी म्हणालो.

“तिला चिरोटे आवडतात ना? तुम्ही म्हणाला होतात एकदा. मला ते जमत नाहीत, पदर सुटत नाहीत माझ्याने. वैद्यकाकूंना विचारीन उद्या.” ती उठली, हात धुतले, पदराला पुसले. “उद्या कशाला, आत्ताच विचारते.”

ती चपला घालून तशीच गेली. दार तिने उघडंच टाकलं होतं. शेजारची बेल वाजली, मग वैद्यकाकूंचा आवाज, आणि मग जिन्यात घुमणारा सुलभाचा.

“आमची वृंदा येणार आहे दिवाळीला,” ती सांगत होती.